रेंज एक्सटेंडर: इंजिन चालू, तरी टक्के का उतरतात? कोणती गोष्ट कधी करायची

फोनवर येणारा प्रश्न ठरलेला असतो. “अरे, इंजिन सुरू झालंय, टाकीत पेट्रोल आहे, तरी बॅटरीचे टक्के उतरतायत. बिघडलंय का काही?” बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. इंजिन उशिरा सुरू झालेलं असतं, एवढंच.

हा लेख बीएमडब्ल्यू आय ३ च्या रेंज एक्सटेंडर मॉडेलवर आहे, म्हणजे विजेवर पळणारी, पण वाटेत वीज तयार करायला छोटं पेट्रोल इंजिन सोबत असलेली गाडी. ब्रिटनमध्ये ही गाडी सेकंड हँड बाजारात सहज मिळते आणि इथल्या आपल्या मंडळींत बरीच दिसते. माझी स्वतःची ९४ अँपिअर-अवरच्या बॅटरीची आहे, त्यामुळे आकडेमोड त्याच गाडीची. अमेरिकेतल्या वाचकांना वेगळे नियम लागू होतात. त्यांच्यासाठी शेवटाकडे स्वतंत्र पायरी आहे, पण मधलं गाळू नका.

सोयीसाठी वीज युनिटमध्ये मोजू या, घरच्या लाइट बिलासारखी. १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-अवर.

## पायरी १: इंजिनाचं काम नेमकं काय, ते डोक्यात बसवा

मागच्या चाकांजवळ, डिकीच्या तळाखाली ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. ते चाकांना जोडलेलं नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो आणि गाडी पळते ती कायम १२५ किलोवॉटच्या मोटरवरच. इंजिनाची ताकद मात्र २५ किलोवॉटच्या आसपास. त्यातलं थोडं वाटेत गळतं, म्हणून हिशेबाला २२-२३ किलोवॉट धरा.

१२५ कुठे आणि २३ कुठे! सगळा घोटाळा या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खाली लहान पंप, वर गच्चीत टाकी. सकाळी सात वाजता सगळ्या घरांचे नळ एकदम सुटले की पंप पुरा पडत नाही, तरीही नळाला धार असते, कारण टाकीत रात्रीचं पाणी असतं. टाकी तळाला गेल्यावर पंप लावला, तर पंप चालू राहतो आणि तिसऱ्या मजल्यावर नळ फुसफुसतो. रेंज एक्सटेंडर हा तो पंप. सरासरी मागणी तो भागवतो. चढ, ओव्हरटेक, वारा ही सगळी वरची मागणी बॅटरीतूनच जाते.

आता मागणीचे आकडे. गाडी आणि माणसं मिळून १,६०० किलो धरली तर सपाट रस्त्यावर, वारा नसताना, साधारण असं येतं:

ताशी ८० किमी (५० मैल): १० किलोवॉट
ताशी ११० किमी (७० मैल): २० किलोवॉट
ताशी १३० किमी: ३० किलोवॉट

म्हणजे ७० मैलांना इंजिन कसंबसं पुरतं आणि १३० ला पुरत नाही. ब्रिटनमध्ये १३० ची परवानगी नाहीच. पण फ्रान्सच्या मोटरवेवर सुट्टीला गाडी नेणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

सावधान: इंजिनाचा आवाज तुमच्या पायाशी बांधलेला नाही. पाय काढला तरी ते घरघरत राहील, पाय दाबला तरी लगेच चढणार नाही. त्याचे फेरे गाडीचा वेग आणि विजेची गरज पाहून ठरतात. गाडी सिग्नलला थांबली की ते सहसा गप्प होतं. गाडी बंद पडली असं समजून स्टार्टचं बटण दाबत बसू नका.

## पायरी २: आपली गाडी कोणत्या बॅटरीची, ते पाहा

सुरुवातीची ६० अँपिअर-अवर: वापरता येणारी वीज सुमारे १९ युनिट. २०१६ पासूनची ९४ अँपिअर-अवर: सुमारे २७ युनिट. नंतरची १२० अँपिअर-अवरची बॅटरी रेंज एक्सटेंडरसह अमेरिकेत मिळाली. युरोपात २०१८ मध्ये रेंज एक्सटेंडर बंदच झाला.

हे आकडे नव्या बॅटरीचे. जुन्या गाडीत त्यातलं काही कमी झालेलं असणार, म्हणून विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा पूर्ण चार्जवर निघून किती किलोमीटरला किती टक्के गेले ते वहीत लिहा. त्यावरून १ टक्का म्हणजे किती किलोमीटर, हा तुमच्या गाडीचा स्वतःचा आकडा मिळतो. पुढचे सगळे निर्णय त्यावर बसतात.

तपासा: समोरच्या छोट्या डिस्प्लेवरच्या पट्ट्या ढोबळ आहेत. मधल्या स्क्रीनवर टक्का दिसेल अशी मांडणी करून ठेवा आणि ती निघण्याआधीच करा.

## पायरी ३: पेट्रोलचा हिशेब

टाकी ९ लिटरची. १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. इंजिन आणि जनरेटर मिळून त्यातली पावणेतीन युनिटच्या आसपास वीज हाती देतात, बाकी धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. म्हणजे भरलेली टाकी २४ युनिटची झाली. जवळजवळ दुसरी बॅटरीच, पण नळाची तोटी बारीक असलेली.

मोटरवेवर १ लिटरला १५ किमी हा माझा ठोकताळा. टाकीला १३० किमी. हिवाळ्यात १० टक्के कमी धरा.

पेट्रोल भरताना नवीन माणूस हमखास अडतो. टाकी दाबाखाली बंद केलेली असते, कारण या गाडीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहू शकतं आणि वाफ उडून जाता कामा नये. म्हणून झाकण हाताने उपटायचं नाही. दारापाशी बटण आहे, ते दाबा, दाब सुटेपर्यंत थांबा, स्क्रीनवर तयार असल्याचं दिसलं की मग झाकण. आणि ते झाकण पुढे आहे, उजव्या बाजूला. मागचं झाकण चार्जिंगचं. पहिल्या खेपेला पंपावर गाडीभोवती एक प्रदक्षिणा होतेच.

चूक: “नऊ लिटरच तर आहे, लागेल तेव्हा भरू.” मोटरवेवर दोन सर्व्हिस स्टेशनांमध्ये ४० किमीही असू शकतात. टाकीत ३ लिटर उरले की पुढचा पंप ठरवा.

## पायरी ४: निघण्याआधी, गाडी प्लगला असतानाच

आधी केबिन गरम करून घ्या. लोकांना वाटतं की इंजिन चालू झालं की हीटर फुकट, कारण आयुष्यभर पेट्रोलच्या गाड्यांमध्ये तसंच होतं. इथे नाही. इंजिनाचं गरम पाणी केबिनकडे येतच नाही. हीटर विजेवर चालतो आणि कडाक्याच्या थंडीत सुरुवातीला ५ किलोवॉटपर्यंत ओढतो. जनरेटरच्या २३ मधून ५ गेले की १८ उरले. ७० मैलांना लागतात २०. सपाट रस्त्यावरसुद्धा टक्के उतरणार. घरच्या विजेवर गाडी गरम करून निघा, वाटेत सीट हीटरवर भागवा.

मग टायरमधली हवा. पुढची आणि मागची चाकं वेगळ्या रुंदीची आहेत, हवेचे आकडेही वेगळे. दाराच्या चौकटीवरचं लेबल पाहून भरा.

आणि तिसरं, जे कोणी करत नाही: रस्त्याची उंची पाहा. फक्त किलोमीटर नको, मीटरही. १०० मीटर चढायला या गाडीला साधारण अर्धं युनिट जादा लागतं. ९४ च्या बॅटरीचे जवळजवळ २ टक्के. हा एक आकडा पाठ असला की अर्धी काळजी मिटते.

## पायरी ५: ‘होल्ड’ कधी लावायचं

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात.

काही केलं नाही तर इंजिन साधारण ६ टक्क्यांवर आपोआप सुरू होतं. युरोपातल्या, म्हणजे ब्रिटनमधल्याही गाड्यांमध्ये मधल्या स्क्रीनच्या मेनूत ‘होल्ड स्टेट ऑफ चार्ज’ हा पर्याय आहे. बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली आली की तो लावता येतो. लावला त्या क्षणीचा टक्का टिकवायचा, एवढंच त्याचं काम. तो बॅटरी भरत नाही. ३० ला लावलात तर ५० होण्याची वाट पाहू नका. आणि गाडी पार्किंगमध्ये उभी ठेवून इंजिनावर चार्ज करणं हा प्रकार या गाडीत नाहीच.

खरं उदाहरण घेऊ. लिव्हरपूलहून एम ६२ मोटरवेने लीड्सला परत यायचंय. तिथे चार्जर मिळाला नाही, निघताना ४५ टक्के. रॉचडेलपर्यंत ६५ किमी, म्हणजे साधारण ११ युनिट, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास. रॉचडेलजवळ पोचता तेव्हा बॅटरी ६ वर येते आणि इंजिन सुरू होतं. आणि बरोबर तिथेच पेनाइन डोंगरांचा चढ सुरू होतो. पुढे ३७२ मीटरवर ब्रिटनमधल्या मोटरवेंचा सगळ्यात उंच बिंदू आहे. आपल्याला घाट म्हटला की वळणं आणि दरी आठवते. मोटरवेचा चढ सरळ, रुंद, सभ्य असतो. डोळ्यांना कळतच नाही की आपण चढतोय. टक्क्यांना कळतं.

समजा ७ किमी, ३ टक्के चढ. ७० मैलांना सपाटीचे २० किलोवॉट, वर चढाचे १६. एकूण ३६. इंजिन पुरं तापलेलं असतं तर २३ दिले असते. पण ते आत्ताच सुरू झालंय, थंड आहे, पहिली काही मिनिटं हात राखून चालतं. पंधरा धरा. तूट २१ किलोवॉट, चार मिनिटं. जवळजवळ दीड युनिट. पाच टक्क्यांच्या वर. तुमच्याकडे होते सहा. माथा यायच्या आधीच गाडी ताकद आवरती घेते, वेग आपोआप पडतो आणि मागून चाळीस टनी ट्रक येत असतो.

तोच प्रवास दुसऱ्या तऱ्हेने. मँचेस्टरच्या वळणरस्त्याआधी, बॅटरी ३० वर असताना होल्ड लावा. रॉचडेल येईपर्यंत इंजिन वीसेक मिनिटं चालून गरम झालेलं असतं, टक्के जवळपास जागेवर. चढाला तूट १३ किलोवॉटची, चार मिनिटांत तीन-साडेतीन टक्के. तिसाचे सव्वीस-सत्तावीस होतात आणि पलीकडच्या उतारावर ब्रेकच्या विजेने काही परत येतं. जादा पेट्रोल गेलं अडीच लिटरच्या आसपास. मनाची शांतता त्या भावात स्वस्त आहे.

माझा नियम: सपाट रस्ता असेल तर २० टक्क्यांवर होल्ड, वाटेत चढ असेल तर ३० वर, आणि तेही चढाच्या किमान १५ किमी आधी.

चूक, उलट टोकाची: ७५ ला आल्या आल्या होल्ड. बॅटरी भरलेलीच राहते, पेट्रोल आधी संपतं आणि घरी पोचून प्लग लावावा तर बॅटरीत जागा नाही. महाग इंधन जाळून स्वस्त वीज साठवलीत.

चूक, शहरातली: गावात दोन-चार किलोमीटरसाठी होल्ड. इंजिन गरम व्हायच्या आत बंद होतं, आतली वाफ तेलात उतरते. लावलंत तर निदान पंधरा मिनिटं चालू द्या, नाहीतर लावूच नका.

तपासा: वाटेत गाडी बंद केली असेल, चहाला किंवा पेट्रोलला, तर पुन्हा निघाल्यावर होल्ड लागलेलं आहे का ते स्क्रीनवर बघा. गृहीत धरू नका.

## पायरी ६: चढावर आणि वाऱ्यात

वेग ही तुमच्या हातातली एकमेव तोटी. ३ टक्क्यांच्या त्याच चढावर ताशी ८० किमीने गेलात तर सपाटीचे १० आणि चढाचे १२, मिळून २२ किलोवॉट. गरम इंजिन एवढं देतं. म्हणजे ७० मैलांना जिथे बॅटरी झरझर उतरते, तिथे ५० मैलांना ती जागची हलत नाही. डाव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे, सुरक्षित अंतर ठेवून चढा. सात किलोमीटरला दीड मिनिटाचाही उशीर होत नाही.

मात्र वेग टक्के उतरायच्या आधी कमी करायचा. बॅटरी ३ टक्क्यांवर आल्यावर पाय काढणं म्हणजे टाकी आटल्यावर नळ बंद करणं.

समोरचा वारा चढासारखाच धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि हिशेबात घ्यायचा तो गाडीचा आणि वाऱ्याचा एकत्र वेग. ताशी ७० मैलांनी जाताना समोरून ताशी २० मैलांचा वारा असेल तर मोटरला लागणारी ताकद २३ च्या बरीच वर जाते. नकाशावर सपाट दिसणारा रस्ता त्या दिवशी सपाट नसतो.

अगदीच कोंडीत सापडलात तर ‘इको प्रो प्लस’ हा वीज वाचवणारा मोड लावा. तो हीटर-एसी बंद करतो आणि वेग ताशी ९० किमीवर आवरतो.

## पायरी ७: अमेरिकेतल्या गाडीचं काय

तिथे मूळ गाडीत होल्डच नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांत ही गाडी ‘बीईव्हीएक्स’ या वर्गात बसवली होती. त्या वर्गाची अट अशी की इंजिन बॅटरी संपत आल्यावरच सुरू व्हावं आणि पेट्रोलवरचं अंतर विजेवरच्या अंतराहून जास्त नसावं. त्याच कारणाने २०१४ ते २०१६ च्या तिथल्या गाड्यांत ९ लिटरच्या टाकीतले सुमारे ७ लिटरच सॉफ्टवेअर वापरू देतं. काही जण कोडिंग करून, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरची सेटिंग बदलून, होल्ड उघडतात. वॉरंटी आणि नियम बघून तुमचं तुम्ही ठरवा.

न उघडता काय करायचं? चढ मोठा असेल तर पायथ्याशी चार्ज करून चढायचं, दुसरा मार्ग नाही. लॉस एंजेलिसकडे येताना आय ५ महामार्गावरची तेहोन खिंड सुमारे १,२६० मीटरवर आहे. उत्तरेच्या सपाटीवरून आठ-नऊशे मीटर चढ, म्हणजे नुसत्या उंचीची चार युनिटच्या वर वीज. ६० च्या बॅटरीचा जवळजवळ पाव हिस्सा. तिथे ६ टक्क्यांवर आलेल्या इंजिनाच्या भरवशावर जाऊ नका. पायथ्याला बॅटरीत निदान चाळीस टक्के हवेत आणि वेग ट्रकचा.

## दुसरी गाडी असेल तर

माझदा एमएक्स ३० आर-ईव्हीमध्ये ८३० सीसीचं रोटरी इंजिन ५५ किलोवॉटचं आणि टाकी ५० लिटरची. पंप मोठा, म्हणून वरचा एम ६२ चा प्रश्न तिथे उद्भवत नाही. गच्चीवरची टाकी, म्हणजे बॅटरी, मात्र लहान, १७.८ युनिटची. शिवाय तिच्या ‘चार्ज’ मोडमध्ये किती टक्क्यांपर्यंत भरायचं ते सांगता येतं, जे आय ३ मध्ये जमत नाही. लंडनच्या एलईव्हीसी कंपनीच्या टॅक्सीत ‘सेव्ह’ मोड आहे. शहराबाहेर इंजिनावर चालायचं, वीज गल्ल्यांसाठी ठेवायची. गाडी कोणतीही असो, पहिला प्रश्न तोच: इंजिन किती किलोवॉट देतं आणि माझ्या नेहमीच्या वेगाला किती लागतात?

## पायरी ८: पोचल्यावर

होल्ड वेळेत बंद करा. घर ३० किमीवर असेल आणि बॅटरीत ३० टक्के असतील, तर आता पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. ९४ च्या गाडीला ३० किमीला वीस-बावीस टक्के पुरतात. ठोकताळा म्हणून घरापासूनचे किलोमीटर आणि उरलेले टक्के सारखे झाले की बंद करायचं, चढ नसेल तर.

लांब इंजिन चाललं असेल तर डिकीचा तळ कोमट असतो. बर्मिंगहॅमहून आणलेला श्रीखंडाचा डबा मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. हे मी अनुभवाने सांगते.

आणि टाकी कधी कोरडी ठेवू नका. बरेच आठवडे इंजिन लागलं नाही तर गाडी स्वतःच ते थोडा वेळ चालवून घेते, आतले भाग तेलात राहावेत म्हणून. भाजी आणायला निघालात, बॅटरी ८० टक्के, आणि मागून अचानक घरघर सुरू झाली, तर ते हेच. बंद करायची खटपट करू नका, होऊ द्या. त्यासाठी पेट्रोल हवं. मी तीन लिटर कायम ठेवते. इंजिन फार चाललं नाही म्हणून त्याच्या तेलाची सर्व्हिसही पुढे ढकलू नका.